वस्तीची विहीर आणि दोन उपग्रह

दोन उपग्रहांचं भांडण लागलं होतं आणि ते सोडवायला मला नेमलं होतं. ऐकायला केवढं भारी वाटतं! प्रत्यक्षात काम असं, की सोसायटीच्या गोदामाच्या स्लॅबवर शिडीनं चढायचं, एका पेटीचं झाकण काढायचं आणि आभाळाकडं डोळा लावून बसलेल्या त्या पेटीशेजारी आपणही बसायचं. दिवस उगवायच्या आधी एकदा, दिवस मावळला की एकदा. खालून जाणाऱ्यानं विचारायचं, "काय गं, दिसलं का काई?" आणि मी म्हणायचं, "दिसत न्हाय ते, मोजतेत."

ऐंशीच्या दशकातली कोरडी वर्षं ती. आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीच्या अलीकडं, माळावरचं. पाऊस पाठ फिरवून बसलेला, पण सहकाराचं पीक मात्र जोमात. सेवा सोसायटी होती, दूध सोसायटी होती (दूध सोडून सगळं होतं तिच्यात), आणि नियोजित साखर कारखान्याची भलीमोठी पाटी होती. पाटीमागं नुसतं कुसळाचं रान. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतले सर स्वच्छ हवेची जागा शोधत जीपमधून आले, तेव्हा ती पाटी बघून टरकलेच. "चिमणी कुठंय?" म्हणाले. चिमणी नाही, ऊस नाही, पाणी नाही, फक्त पाटी आहे, हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

सोसायटीच्या चेअरमनला मात्र हे झोंबलं. "म्हंजे आमच्या गावात काईच न्हाय म्हनून तुमी हितं आलाव व्हय?" सर चाचरत म्हणाले, "तसं नाही हो. म्हणजे, साधारण तसंच." चेअरमन म्हणजे गावातली मोठी असामी. गावातली चांगली जमीन त्याची आणि त्याच्या दोन भावांची, आणि सोसायटीही त्याच घरातली. माणूस दुष्ट नव्हता. स्वतःच्या पलीकडचं त्याला कधी सुचायचंच नाही, एवढंच.

पेटीजवळ बसायला विज्ञान शिकलेलं माणूस पाहिजे होतं. चेअरमननं आधी आपला पुतण्या पुढं केला. पण पुतण्याला पहाट फक्त ऐकून माहीत होती. मग गावात दुसरं बी.एस्सी. कोण? मी. उस्मानाबादच्या कॉलेजात शिकलेली. चेअरमननं बराच वेळ डोकं खाजवलं, कारण मी गावाच्या पूर्वेकडच्या वस्तीतली, छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातली. ही पोरगी सोसायटीच्या डोक्यावर चढून बसणार! पण सरांना पुण्याला परत जायची घाई होती आणि असल्या भानगडी त्यांच्या गावीही नव्हत्या. झालं, चढले मी.

सरांनी मला समजावलं ते असं. जमिनीपासून लई उंचावर, जिथं पावसाचे ढगसुद्धा पोचत नाहीत, तिथं स्थितांबर नावाचा हवेचा थर आहे. ओझोनचं घर तिथंच. त्याच थरात नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा वायू असतो, असतो चिमूटभर, पण ओझोनच्या संसारात त्याची ढवळाढवळ मोठी. तो किती आहे हे परदेशी उपग्रह मोजायचे. जुन्या उपग्रहानं एक आकडा सांगितला, नव्यानं त्याच्यापेक्षा कमी सांगितला. आता खरं कोण? भावकीत बांधावरनं तंटा झाला की तिसऱ्याला पंच म्हणून बोलावतात, तशी आमची पेटी. सूर्य बुडाला तरी उंचावरचं आभाळ थोडा वेळ उजेडात असतं. तो उजेड खाली येताना हा वायू त्यातला थोडा निळा रंग खातो. किती खाल्ला, ते पेटी कागदाच्या पट्टीवर रेघ ओढून सांगायची. नवा उपग्रह आमच्या बाजूनं जाणार असेल, त्या संध्याकाळची रेघ सगळ्यात महत्त्वाची.

हे सगळं गावाला समजावून सांगायची मला हौस, आणि त्या हौसेपायी फसले. नायट्रोजन म्हणजे नत्र आणि नत्र म्हणजे युरिया, एवढं शेतकऱ्याला पुरेपूर माहीत. सोसायटीच्या बैठकीत एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "वर आभाळात नत्र पडून हाय, आन् गोदामात एक पोतं न्हाय. ह्यो कारभार कुनाचा?" चेअरमनला घाम फुटला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी स्लॅबकडं बघितलं. मग तो खाकरून म्हणाला, "त्यो नत्र केंद्राच्या ताब्यात हाय. आपन मागनी केलेली हाय." टाळ्या पडल्या. देवाशपथ, टाळ्या पडल्या!

पण गावाचा जीव काही युरियात नव्हता, पाण्यात होता. त्यातही आमच्या वस्तीचा तर सगळा जीव एका विहिरीत अडकला होता.

वस्तीला पिण्याच्या पाण्याची सरकारी विहीर मंजूर झाली होती, पहिल्यांदाच. तोवर माझी आई ओढ्यातल्या झिऱ्याशी उकिडवी बसून वाटीवाटीनं घागर भरायची, आणि तो झिराही आटत चाललेला. विहीर अर्ध्यावर आली आणि खाली काळा पाषाण लागला. मार्चअखेरपर्यंत पाणी लागलं तर लागलं, नाहीतर कोरडी म्हणून काम कायमचं बंद, असं इंजिनिअर बजावून गेला होता. सगळी वस्ती त्या खड्ड्यात डोळे घालून बसलेली. कुणाच्या पोरीचं लग्न काढायचं असो की घरावर पत्रे टाकायचे असोत, उत्तर एकच, पाणी लागल्यावर बघू.

पाषाण फोडायचा म्हणजे सुरुंग. सोसायटीनं कंप्रेसरचा ट्रॅक्टर आणलेला आणि त्याच्यासोबत एक सुरुंगवाला. तो दिवसभर एकेक विहीर करत फिरायचा. आधी चेअरमनची, मग थोरल्या भावाची, मग धाकट्याची, आणि दिवस बुडता बुडता आमची. हा क्रम कुणी ठरवला असं विचारायचं नसतं, तो असतोच. आमच्यापर्यंत येईतो सुरुंगवाला दमलेला, डिझेल तळाला गेलेलं आणि जिलेटिनच्या कांड्या उरल्या तर उरल्या. एकदोन भोकं पाडायची, वात लावायची, बार उडवायचा आणि "उद्या बघू" म्हणून निघायचं. चेअरमनची विहीर हातभर खाली जायची तेव्हा आमची बोटभर जायची.

इकडं माझ्या पेटीनं घोळ घातला. पहाटेचे आकडे शहाण्यासारखे यायचे, दोन उपग्रहांच्या मधे कुठंतरी. संध्याकाळचे मात्र दोघांच्याही डोक्यावरून. दिवसभराच्या उन्हानं हा वायू संध्याकाळी थोडा वाढतोच, हे सरांनी सांगितलं होतं. पण एवढा? पंचानं वादीलाही सोडावं, प्रतिवादीलाही सोडावं आणि भलत्याच रानाचा निकाल द्यावा, तशातली गत. सर पुण्याहून आले, पट्ट्या बघितल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही झाकण वेळेवर काढता ना?"

"काढते."

"काचेला हात वगैरे लावत नाही ना?"

"सर, मी पेटीला नमस्कारसुद्धा लांबनं करते."

ते हसले नाहीत. असंच चाललं तर पेटी दुसरीकडं हलवावी लागेल, म्हणाले, आणि जीपमध्ये बसले. असा संताप आला मला! थंडीत कुडकुडत पहाटे शिडी चढायची मी, आणि पेटीनं काहीही बरळलं की हात माझाच वाईट!

मग एका मंगळवारी सुरुंगवाला पोराचं जावळ काढायला तुळजापूरला गेला. गावातल्या सगळ्या विहिरी गप्प. त्या संध्याकाळी पट्टीवरची रेघ कशी गरीब गाईसारखी आली. तो परत आला, बार उडाला, आणि रेघ परत उधळली. मी स्लॅबवर ताडकन उभी राहिले आणि पूर्वेकडं बघितलं. आमच्या विहिरीतनं पिवळट-तांबूस धूर वर येत होता आणि सावकाश गोदामाच्या दिशेनं सरकत होता. तो रंग मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बघितलेला. तोच वायू! ज्याला शोधायला माणसांनी आभाळात उपग्रह सोडले, तो आमच्या विहिरीतनं निघून पेटीच्या नाकासमोरनं चालला होता. मी एकटीच स्लॅबवर खो खो हसत सुटले.

वाऱ्याची तर आणखी गंमत. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला का? तर वारा बहुतेक वेळ पश्चिमेचा, आमच्या अंगावरनं गेलेला वारा गावाला लागू नये म्हणून. काय डोकं चालवलं होतं वाडवडलांनी! फक्त हिवाळ्यात वारा उलटा फिरतो, ते विसरले बिचारे. वाऱ्याला कुणी गावकी शिकवली नव्हती.

हसू ओसरलं. सर काय म्हणणार ते मला शब्दाशब्दानं माहीत होतं. मी घरी आले. आई भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे आपल्या हिरीच्या धुरानं तुजं आभाळ घान झालं?"

"व्हय."

"मग आभाळाला म्हनावं, थांब जरा. हितं मार्च तोंडावर आलाय."

"सर हीर बंद करा म्हनतील, आई."

तिचा हात थांबला. "तुज्या तोंडानं आपली हीर बंद पडली, तर ती पेटी मी दगडानं फोडीन. आन् तुला बी न्हाय सोडनार." ती चेष्टा करत नव्हती. मी भाकरी पुढ्यात घेऊन बसले. गप्प बसावं म्हटलं तर पेटी हलेल, मी घरी येईन, आणि विहीर बोटबोट खाली जात मार्चअखेर कोरडीच राहील. सांगावं म्हटलं तर आजच बंद. आणि त्या भाकरीसमोर बसल्या बसल्याच मला सुचलं. विहीर बंद कशाला करायची? तिची पाळी बदलायची!

सर आले त्या दिवशी त्यांना पट्ट्या दाखवल्या, सुरुंगवाल्याचं तुळजापूर सांगितलं, धुराची वाट दाखवली. धापा टाकत चेअरमनही शिडी चढून आला होता, कारण पुण्याचा माणूस वर असताना आपण खाली कसं राहायचं! सर एकदम खुलले. "अहो, म्हणजे पेटी बरोबर आहे!" म्हणाले. मी बरोबर आहे असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मग चेअरमनकडं वळून म्हणाले, "ती विहीर महिनाभर बंद ठेवता येईल का?"

"महिनाभर कशाला? कायमची ठिवू की!" चेअरमननं श्वाससुद्धा घेतला नाही मधे.

हेच होणार हे मला ठाऊक होतं, तरी डोक्यात सणक गेली. जीभ चावून मी म्हणाले, "सर, बंद करायची गरजच नाही. वारा पूर्वेचा आहे. पूर्वेची विहीर सकाळी ऊन चढल्यावर उडवली तर संध्याकाळपर्यंत धुराचा मागमूससुद्धा राहत नाही. आणि चेअरमनसाहेबांच्या तिन्ही विहिरी पश्चिमेला. त्या दिवस बुडताना उडवल्या तरी धूर पेटीकडं न येता पलीकडं जातो. फक्त क्रम उलटा करायचा."

सरांनी बोट ओलं करून वर धरलं, दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाले, "अगदी बरोबर. उत्तम!"

चेअरमनच्या चेहऱ्यावर हिशेब हळूहळू उमटत गेला. "म्हंजे... वस्तीची पैली? आन् आमची सगळ्यात शेवटी?"

"वारा तसा हाय, चेअरमनसाहेब," मी म्हणाले. "मी काय करू?"

वर सरांनी भोळेपणानं शेवटचा खिळा ठोकला. शोधनिबंधात गावाचं नाव छापून येईल, अमेरिकेतले लोक वाचतील, म्हणाले. अमेरिका ऐकल्यावर चेअरमनची मान ताठ झाली. "इज्ञानाच्या फुडं आमचं काय चालतंय!" म्हणाला, आणि खाली उतरून ही सगळी आपलीच कल्पना असल्यासारखं गावभर सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर फटफटत वस्तीत आला, तेव्हा बायका दारात येऊन बघत राहिल्या, वरात आल्यासारखं. सुरुंगवाला ताजातवाना, कांड्यांची पेटी भरलेली. त्यानं विहिरीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "आयला, तुमची हीर मी पैल्यांदाच उजेडात बघतूय." त्या दिवशी भोकंच भोकं पाडली गेली. बार असे उडाले की पत्रे वाजले, आणि आई प्रत्येक बाराला हात जोडायची. पश्चिमेला आता चेअरमनच्या विहिरीवर संध्याकाळी उरलेल्या कांड्या जायच्या आणि "उद्या बघू" त्याला ऐकावं लागायचं. मी स्लॅबवरनं ते बघायची. पेटी आभाळाकडं, मी पश्चिमेकडं.

संध्याकाळची रेघ ताळ्यावर आली. सर आले, जीपच्या बॉनेटवर पट्ट्या पसरून बसले, उपग्रहाचे आकडे शेजारी मांडले. नवा उपग्रह आमच्या बाजूनं गेलेल्या एका संध्याकाळी त्याचा ठिपका आणि आमचा ठिपका जवळजवळ एकमेकांवर बसले होते. तो शांत गृहस्थ टुणकन उडालाच. निकाल धाकट्या उपग्रहाच्या बाजूनं लागला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू! एवढ्या उंचावरचं ते चिमूटभर काहीतरी, आणि ते मोजण्यात माझ्या कुडकुडण्याचाही वाटा होता.

पण निकाल लागला की पंचाचं काम संपतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सरांनी पेटी जीपमध्ये ठेवली, मागचा पडदा बांधला, माझे आभार मानले आणि पेटी ज्या लाकडी खोक्यातनं आली होती ते रिकामं खोकं मला दिलं. "सरपणाला होईल," म्हणाले. मार्च अजून सरायचा होता आणि आमच्या विहिरीला पाणी लागायचं होतं. चेअरमन त्या दिवशी जिल्हा बँकेच्या कामाला उस्मानाबादला गेलेला. जीप तर नेहमीच यायची-जायची, तिच्यात पेटी गेली हे कुणी बघितलं नव्हतं.

सरपण कसलं! मी ते खोकं उचलून परत स्लॅबवर नेलं, त्याच्यावर काळं फडकं टाकलं, आणि संध्याकाळी नेहमीसारखी जाऊन बसले. पहाटेसुद्धा गेले, कारण करायचं तर नीट करायचं. पगार बंद, पेटी पुण्याला, उपग्रहाला माझा पत्ता नाही, आणि मी आपली रिकाम्या खोक्याशेजारी मन लावून बसलेली. मी उतरले की ट्रॅक्टरची वाट फिरणार होती. कुणी म्हणेल फसवलंस. फसवलं की! मजेत फसवलं.

एकदा चेअरमन वर आला.

"संपलं म्हनं तुजं काम?"

"कोन म्हनलं? आता तर खरं सुरू झालं."

"पेटी बदलल्यावानी दिसती."

"नवी हाय."

"हिला वायर न्हाय."

"बिगर वायरीची हाय. चेअरमनसाहेब, हलू नका! उपग्रह चाललाय वरनं. श्वास धरा."

त्यानं धरला. एवढा मोठा माणूस, गाल फुगवून, टोपी हातात घेऊन, आभाळाकडं बघत उभा. झाला का, असं डोळ्यांनी विचारायचा, आणि मी हातानं थांबा म्हणायची. शेवटी तो लालबुंद झाला तेव्हा सोडला. त्याआधी आणि त्यानंतर मला इतकं सुख क्वचितच मिळालंय.

आणि एका सकाळी बार उडाला तो खणखणीत वाजलाच नाही. भदकन, ओला आवाज आला. सुरुंगवाला विहिरीत उतरला. मग खालून नुसता हसल्याचा आवाज आला. लागलं! दगडाच्या सापटीतनं बोटाएवढी धार, मग मनगटाएवढी. वस्तीत जो गलका उठला तो अजून माझ्या कानात आहे. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले, आणि कशाला रडतीस म्हणून आई मला रागवत होती, स्वतःच्या डोळ्यांना पदर लावून.

बादली खाली सोडली. पाणी गढूळ, बाराचा कडवट वास मारणारं. आईनं ते निवळू दिलं, फडक्यातनं गाळलं आणि तांब्या भरला. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून चेअरमन आला. भर उन्हात, शेतातनं तसाच चालत. वस्तीत तो असा पहिल्यांदाच आला असेल. विहिरीच्या कडेला उभा राहिला, वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"काय गं, सांजच्याला उपग्रह हाय न्हवं?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "येऊन गेला की त्यो. पानी बघून गेला."

सगळी वस्ती फिसकन हसली. चेअरमन हसला नाही. त्याला सगळं कळलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं: वायर, खोकं, धरलेला श्वास, सगळं. आईनं तांब्या पुढं केला. "घ्या, साहेब. उनातनं आलाव."

त्याच्या टोपीची कड घामानं भिजलेली, ओठ वाळून फुटलेले. तांब्याकडं त्यानं बघितलं, मग इकडं तिकडं.

"न्हाय," म्हणाला. "तहान न्हाय मला."

आईनं तोच तांब्या उचलला आणि त्याच्या डोळ्यात बघत, त्याच्यादेखत, घटाघटा रिकामा केला.